कडक पोलादाला मऊ चाक

"हात पुढे कर," हरकरे साहेब म्हणाले.

मी केले. दोन्ही. तळवे वर. शाळेत छडी खायला करतात तसे. माझं वय तेवीस. आयटीआयचं ग्राइंडरचं सर्टिफिकेट घरी ट्रंकेत. आणि मी कारखान्यातल्या सगळ्या माणसांसमोर हात पसरून उभा.

टेबलावर एक पंच पडला होता. पत्र्याला भोकं पाडायची डाय असते, तिचा वरून आदळणारा भाग म्हणजे पंच. भट्टीत घालून कडक केलेलं पोलाद. त्यावर कानस फिरवली तर कानसच घसरते. तो पंच मी मशीनवर घासला होता आणि वरून पाहिला तर झकास दिसत होता. साहेबांनी तो रॉकेलमध्ये बुडवला, पुसून कोरडा केला, वर खडूची भुकटी चोपडली. थोड्या वेळानं पांढऱ्या खडूवर काळपट रेषा उमटल्या. बारीक जाळी. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे तडे असे पकडतात. रॉकेल तड्यात शिरतं आणि खडू त्याला बाहेर ओढतो.

ज्या पार्टीची डाय होती ते शेठजी शेजारी खुर्चीत बसले होते. त्यांचा कपाटाच्या बिजागऱ्यांचा धंदा. आमच्याकडून नेलेले दोन पंच त्यांच्याकडे आठवड्याभरात तुटले होते. हा तिसरा. साहेबांनी माझं मनगट धरून हात त्यांच्यासमोर धरले, बैलबाजारात दात दाखवतात तसे.

"बघा शेठजी. याच्या बापजाद्यांनी मेलेली ढोरं ओढली. सरकारनं यांना जावई करून घेतलं आणि आमच्या पदरात टाकलं. या हातात पोलाद दिलं की आणखी काय होणार?"

शेठजी हसले. आणखी दोघं-तिघं हसले. साहेबांनी माझं मनगट सोडलं तरी मी हात खाली घेतले नाहीत, कारण घे असं कोणी म्हटलं नव्हतं. आज हे सांगताना सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते. साहेब काय बोलले त्याची नाही. माझे हात तसेच हवेत राहिले त्याची.

मग साहेबांनी फर्मान काढलं. शनिवारी शेठजी पुन्हा येणार. तोवर मी चौथा पंच बिनतड्याचा काढून द्यायचा. आला तर बरं. नाही आला तर एका कागदावर सही करायची, की माझ्या हलगर्जीपणानं पंच वाया गेले, मला ग्राइंडरच्या कामावरून काढून हेल्पर करावं, माझी काही तक्रार नाही. हेल्पर म्हणजे झाडू, लोखंडाचा बुरादा उचलणं, टाक्या धुणं. म्हणजे जिथून निघायला मला आयटीआयची दोन वर्षं लागली, तिथंच परत.

इमर्जन्सी लागायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. हिंगण्याच्या बाजूला तेव्हा नव्या वसाहतीत एकेक शेड उभी राहत होती. आमची शेड त्यातलीच. डाया, पंच, पत्रा कापायची पाती. लेथवर माणसं होती, मिलिंगवर होती. ग्राइंडर मात्र कोणाला नको होता. चाकाची धूळ छातीत जाते, तोंडावर पाणी उडतं, बोटांची सालं निघतात. म्हणून तो मला मिळाला. त्याला साहेब उपकार म्हणायचे.

पाण्याचा माठ साहेबांच्या केबिनशेजारी होता. कोणी मला शिवू नको म्हटलं नाही. फक्त मी जवळ गेलो की कोणीतरी उठायचं, ओगराळं आपल्या हातात घ्यायचं आणि वरून धार धरायचं. मी ओंजळीनं प्यायचो. छप्पन साली आमच्या वस्तीनं देव सोडले, रूढी सोडल्या, नाव सोडलं. माठानं मात्र आम्हाला सोडलं नव्हतं.

आणि तो वास. घासताना चाकावर जे दुधासारखं पांढरं पाणी सोडतात, त्याला आम्ही कूलंट म्हणायचो. पाण्यात विशिष्ट तेल कालवून ते करतात. टाकी वेळच्या वेळी साफ केली नाही तर ते नासतं. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी सकाळी शेडमध्ये सडक्या अंड्यासारखा वास मारायचा. टाकी धुवायला साहेब अर्धा दिवसही मशीन बंद ठेवू देत नसत. लोक नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघायचे. मशीनकडे नाही, माझ्याकडे. वास कूलंटचा, नाव माझं.

आता पंच का तडकत होते ते सांगतो. त्यात काही गूढ नाही.

घासायचं चाक म्हणजे लाखो बारीक धारदार खडे, एका चिकट मसाल्यात बांधलेले. मसाला घट्ट असेल तर ते कडक चाक, सैल असेल तर मऊ. मऊ पोलादाला कडक चाक चालतं. पण पोलाद जितकं कडक, तितकं चाक मऊ पाहिजे. कडक पोलादावर खडा लगेच बोथट होतो. चाक मऊ असलं तर तो बोथट खडा गळून पडतो आणि मागचा ताजा खडा पुढे येतो. चाक कडक असलं तर बोथट खडा जागा सोडत नाही. तो कापत नाही, नुसता रगडतो. रगडलं की पोलाद तापतं. आणि तापलेल्या पोलादावर पाणी थेंबथेंब पडलं की ते तडकतं. आयटीआयचे सर हे पहिल्या महिन्यात फळ्यावर लिहीत.

हरकरे साहेबांना हे पटायचं नाही. ते डिप्लोमा झालेले, धंतोलीत घर, बोलणं शुद्ध. त्यांचं शास्त्र एका वाक्याचं होतं: लोहा लोहे को काटता है. कडक जॉबला, म्हणजे घासायच्या वस्तूला, कडक चाक. शिवाय मऊ चाक झिजतं. एक चाक सहा महिने पुरलं याचा त्यांना अभिमान होता, पाहुण्यांना सांगायचे. तेलाचा डबाही ते पुरवून वापरायला लावत, म्हणून पाणी दुधासारखं न दिसता ताकाच्या निवळीसारखं दिसायचं. नळी पूर्ण सोडली तर फरशीवर सांडतं, म्हणून तीही अर्धी बंद. चाकांची खोली कुलपात आणि कुलपाची किल्ली त्यांच्या जानव्याला. चाक हवं तर त्यांनी सदऱ्यात हात घालायचा, किल्ली काढायची, स्वतः आत जायचं. माझं पाऊल त्या खोलीत कधी पडलं नाही. ज्या चाकावर माझी रोजी, ते मला निवडता येत नव्हतं.

मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा पहिला पंच घासायच्या आधी. म्हटलं, साहेब, हे चाक या जॉबला चालणार नाही, जॉब जळेल. ते म्हणाले, तू आता मला शिकवणार का? दुसऱ्यांदा दुसऱ्या पंचाच्या वेळी. जॉबवर तपकिरी डाग आले होते, ते त्यांना दाखवले. ते म्हणाले, पुसून टाक. डाग पुसले जातात. तडे राहतात.

दोन्ही वेळा भोयरभाऊ तिथं होते. माझ्या मशीनला लागूनच त्यांचा लेथ. भिवापूरकडचे कुणबी, घरी मिरचीचं वावर, स्वभावानं गरीब. माझ्याशी वाईट वागलेलं मला आठवत नाही. ओंजळीत पाणी ओतायचे ते पोटभर ओतायचे. चांगल्या माणसाचं मोजमाप आमच्याकडे असं होतं.

त्या दिवशी हात दाखवून झाले आणि सगळे पांगले. मी भोयरभाऊंजवळ गेलो. म्हटलं, तुमी ऐकलं होतं ना, साहेबाले एकदा सांगा. ते चिमट्यानं लेथवरचा बुरादा ओढत राहिले.

"मी कायले मधात पडू गा," ते म्हणाले. "तुयं काम चांगलं आहे. काम बोलते आपोआप."

काम बोलते. हे मी लहानपणापासून ऐकत आलो. शाळेत ऐकलं, आयटीआयत ऐकलं. मन लावून काम कर, जात कोणी विचारणार नाही. मी ते खरं मानलं. मला ते खरं मानायचंच होतं. म्हणून ठरवलं, शनिवारी कामालाच बोलू देऊ.

संध्याकाळी सायकल काढून सीताबर्डीला गेलो. हार्डवेअरच्या दुकानात पांढरं चाक मागितलं, मऊ. दुकानदारानं कोणत्या कारखान्यासाठी विचारलं. मी म्हटलं, माझ्यासाठी. तो बघतच राहिला. स्वतःच्या खिशातून ग्राइंडिंगचं चाक घेणारा माणूस त्यानं पाहिला नसावा. त्यानं वर जुन्या पोत्याचा तुकडा फुकट दिला, चाकाला दणका लागू नये म्हणून. हँडलला अडकवलं नाही, पोटाशी धरलं आणि एका हातानं सायकल चालवत घरी आणलं.

घरी आल्यावर ते बोटावर लटकवलं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच वाजवलं. चाक अखंड असेल तर घुमतं. आत तडा असेल तर खापरासारखं बद वाजतं. तसलं चाक मशीनवर फुटलं तर समोरच्याचा जीव जातो. माझं चाक घुमलं. आई दारात विड्या वळत बसली होती.

"काहून रे बाबू, देव सोडले ना आपण," ती म्हणाली. "मंग आता घंटा वाजवून राहिला का?"

मी हसलो. त्या आठवड्यात तेवढाच हसलो.

शनिवारी लवकर गेलो. टाकी उपसली, आतला गाळ हातानं काढला, धुतली. स्वच्छ पाणी भरलं आणि मग त्यात तेल ओतत ढवळत राहिलो. आधी पाणी, मग तेल. उलटं केलं तर फाटतं. डब्यावर जेवढं लिहिलं होतं तेवढं टाकलं, साहेबांच्या हिशेबानं नाही. पाणी दुधासारखं झालं. चाक चढवलं, बाजूला उभं राहून थोडा वेळ रिकामं फिरू दिलं, हिऱ्याचं टोक बसवलेल्या हत्यारानं त्याचं तोंड साफ केलं. नळी नेमकी जिथं चाक जॉबला टेकतं तिथं वळवली आणि पूर्ण सोडली.

साहेब आले. चाक बघून म्हणाले, हे कुठलं? मी म्हटलं, माझं. त्यांनी बाकीच्यांकडे बघून डोळा मिचकावला. म्हणाले, करू द्या, आपलं काय जातं.

शेठजी आल्यावर मी चौथा पंच घासला. घाई केली नाही. बारीक बारीक काप घेतले. जुनं चाक या कामावर किंचाळायचं, हे नुसतं सरसरत होतं. चाक झिजत होतं ते दिसत होतं, पांढरा गाळ पाण्याबरोबर वाहत होता. झिजू दे. त्यासाठीच असतं ते. पंच उतरवला आणि तळहातावर घेतला. कोमट होता. शेठजींना म्हटलं, हात लावून बघा. त्यांनी लावला.

रॉकेल. फडकं. खडू. सगळे वाकून बघत होते. आम्ही थांबलो. खडू पांढरा तो पांढराच राहिला.

शेठजी खूश झाले. साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वा साहेब, चाक बदललं तुम्ही. बरं केलं."

"हो," हरकरे साहेब म्हणाले. "मीच म्हटलं, या वेळी जरा वेगळं चाक लावून बघू."

मी हातभर अंतरावर उभा होतो. अंगावर कूलंट उडालेलं. ते माझ्याकडे बघतही नव्हते. खोटं बोलताना माणूस निदान नजर चुकवतो. त्यांना नजर चुकवायचीही गरज वाटली नाही, कारण तिथं कोणी आहे असं त्यांच्या लेखी नव्हतंच.

शेठजी गेले. साहेबांनी मला केबिनच्या दाराशी बोलावलं. कागद तयार होता. टाइप केलेला.

"सही कर."

मी म्हटलं, साहेब, पंच तर चांगला आला.

"हा आला. आधीचे तीन कोणाच्या तरी नावावर टाकावे लागतील ना. माझ्या तर टाकता येत नाहीत."

रागावून बोलले नाहीत. दोन आणि दोन चार सांगावं तसं बोलले. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यातलं लख्ख झालं. काम बोललं होतं. मोठ्यानं बोललं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं, खडूवर पाहिलं होतं. आणि कोणाला काही फरक पडला नव्हता. कामाला जीभ नसते. जीभ मालकाला असते, साहेबाला असते. ते सांगतील तेच काम बोललं असं होतं. मी इतके दिवस मान खाली घालून घासत होतो आणि माझं बोलणं पोलादावर सोपवत होतो. मूर्ख होतो.

मला बाप आठवला. बाप गिरणीत होता. एकदा सुताची पेटी हरवली आणि त्याला ऑफिसात बोलावून एका कागदावर अंगठा घेतला. काय लिहिलंय त्याला वाचता येत नव्हतं. साहेब म्हणतात म्हणजे हजेरीचं काही असेल, असं वाटलं त्याला. चोरीची कबुली होती. तो मेला तोवर आमच्या वस्तीत काही लोक त्याला चोर म्हणत, आमचेच लोक. मला वाचता येत होतं. आमच्या घरात कागद वाचून नाही म्हणू शकणारा पहिला माणूस मी होतो.

मी साहेबांच्या टेबलावरचं पेन उचललं. त्यांना वाटलं सही करतोय. मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. कोणतं चाक दिलं. तेल किती घालायला सांगितलं. नळी अर्धी कोणी बंद ठेवायला लावली. मी दोनदा कधी, काय सांगितलं. चौथा पंच कोणाच्या चाकानं आला. खाली सही केली. माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मग दारातून वळून विचारलं, "भोयरभाऊ, मी साहेबाले सांगतलं तवा तुमी होते ना?"

भोयरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग लेथ चालू केला.

साहेबांनी कागद वाचला, घडी केली, खिशात घातला. म्हणाले, निघ. मी म्हटलं, चाक माझं आहे. मशीनवरून चाक उतरवायला वेळ लागतो. मी पोत्याच्या तुकड्यात ते गुंडाळलं आणि सगळ्यांसमोरून चालत गेटबाहेर आलो. या वेळी माझे हात खाली होते.

पुढे कामठी रोडवर एका छोट्या शेडमध्ये काम लागलं. दोन महिन्यांनी एका दुपारी भोयरभाऊ वस्तीत आले. पत्ता विचारत विचारत. आईनं बाज टाकली, तांब्याभर पाणी दिलं. त्यांनी तांब्या बराच वेळ हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. मग बोलले. नव्या ग्राइंडरचे जॉब पुन्हा तडकत होते. शेठजींनी काम काढून घ्यायची धमकी दिली होती.

"साहेब म्हणे रविवारी ये. शेड बंद राहते," भोयरभाऊ म्हणाले. "मागच्या दारानं ये, चाक लावून दे, त्याले दाखवून दे. कोणाले मालूम नाही पडणार. दिवसाची मजुरी देतो म्हणे."

मी विचारलं, त्या कागदाचं काय झालं? त्यांनी कागदाचं सोडून दुसरंच सांगितलं.

"मले सगळं माहीत होतं गा. पोरीचं लगन होतं तवा. नाही बोललो."

मला त्यांचा राग आला नाही, असं मी म्हणणार नाही. आला. साहेबापेक्षा जास्त आला. साहेबाला माझ्याकडून माझं काम हवं होतं, यांना माफीही हवी होती. मी दोन्ही दिलं नाही. म्हटलं, साहेबाले सांगा, मागच्या दारानं माझा बाप गेला, त्याचा बाप गेला. मी नाही जात. तुमचं पोलाद तडकू द्या.

ते उठले. जाताना दारात थांबून म्हणाले, "नवा माणूस तुमच्यातलाच आहे. दोन लेकरं आहेत त्याले. कागद त्याच्यासाठी बी टाइप करून राहिला साहेब."

त्या संध्याकाळी मी त्या माणसाचं घर शोधून काढलं. आमच्या वस्तीपासून लांब नव्हतं. तो घाबरलेला होता, हात सोललेले. मी त्याला पांढऱ्या चाकाबद्दल सांगितलं, पाण्याबद्दल, नळीबद्दल. ते सांगायला पाव तास पुरला. मग जे सांगायला मला तेवीस वर्षं लागली ते सांगितलं. चाक तोंडानं मागायचं नाही. जॉब हातात घ्यायच्या आधी लिहून मागायचं. कोणतं चाक पाहिजे, काहून पाहिजे, तारीख, सही. त्याला लिहिता येत होतं, पण असं कोणाला लिहायची हिंमत नव्हती. पहिला कागद आम्ही दोघांनी मिळून लिहिला.

हरकरे साहेबांनी तो त्याच्यासमोर फाडला.

आम्ही दुसरा लिहिला. या वेळी खाली कार्बन घातला. आता आमच्या वस्तीतला जो कोणी कुठल्याही शेडमध्ये कामाला लागतो, त्याला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट देतो: कार्बनचा कागद. वरचा ते फाडतील. फाडू द्या. खालचा आमच्याकडे आहे.